किती आणावे, किती घडवावे : उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

गणेशचतुर्थीच्या महिना-दीड महिना आधी मूर्तिकाराकडे गेले की एक गोष्ट ध्यानात येते. यंदा किती मूर्ती करायच्या, हे त्याला माती मळण्यापूर्वीच ठरवावे लागते. कमी केल्या तर दारात आलेले गिऱ्हाईक परत जाते. जास्त केल्या तर चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मूर्तीला कोणी विचारत नाही आणि माती, रंग, मजुरी यांचा पैसा वर्षभर कोपऱ्यात बसून राहतो. कच्चा माल किती आणि केव्हा मागवावा, एका खेपेला किती नग घडवावेत, हा प्रश्न लहानमोठ्या प्रत्येक कारखान्यापुढे असतो. त्याचे उत्तर चुकले की चांगले हात असलेला कारागीरही बुडतो.

यंदाच्या स्मरणिकेसाठी उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आम्ही निवडले ते याच प्रश्नाच्या निमित्ताने. लोखंडी नांगर करणारे किर्लोस्कर म्हणून त्यांचे नाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. जुन्या वाड्यांच्या पडवीत असा गंजलेला नांगर आजही दिसतो. पण नांगर घडवणे हा त्यांच्या कामाचा अर्धाच भाग होता. तो नांगर ज्या दिवशी शेतकऱ्याला हवा त्या दिवशी तयार ठेवणे आणि नको त्या दिवशी त्यात पैसा अडकू न देणे, हा दुसरा अर्धा भाग. त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. घरात मराठी आणि बाहेर कानडी, हे जे आपल्या हळ्ळीखेडचे तेच त्या गावचे. लक्ष्मणरावांचे मन शाळेत रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढण्याचा आणि यंत्रे खोलून पाहण्याचा. थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची जबाबदारी घेतली आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षांनी कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होण्याची वाट तेथेच संपली.

दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत साहाय्यक शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत यंत्रे होती. शिकवून उरलेला वेळ ते त्या यंत्रांशी घालवू लागले. अभियंत्याची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. पुढे हक्काची बढती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान आधीपासून होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि चालवायलाही शिकवत. नोकरी सुटल्यावर लक्ष्मणराव पूर्ण वेळ त्यात आले. व्यापारात माल आणून विकायचा असतो, त्यामुळे अंदाज चुकला तरी नुकसान आणलेल्या मालापुरते राहते. पण दुसऱ्याने केलेली यंत्रे विकण्यात त्यांचे समाधान होईना. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. येथून त्यांचा खरा हिशेब सुरू झाला.

हा नांगर काळ्या जमिनीत खोल जात असे. हरळी आणि कुंदा यांच्या मुळांपर्यंत लाकडी नांगर पोचत नाही, हे काळ्या रानात राबलेल्या कोणालाही सांगायला नको. तरीही नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे कारखानदाराच्या बाजूने मोजली पाहिजेत. लोखंड रोखीने घेतलेले, कोळसा जळून गेलेला, मजुरी दिलेली आणि तयार नांगर उभे. विकला न गेलेला नांगर म्हणजे गोठलेला पैसा. त्याच्यातून पुढच्या आठवड्याची मजुरी देता येत नाही. अशा वेळी आणखी नांगर ओतत राहणे म्हणजे आपल्या हाताने कारखाना बंद पाडणे. लक्ष्मणराव शेतकऱ्यांत जाऊन नांगर चालवून दाखवत राहिले. विश्वास बसेल तसा खप वाढला आणि खपाच्या मागोमाग काम वाढले.

एका खेपेला किती नग करावेत हा प्रश्न अवघड का आहे, हे ओतशाळेत पाहिले की समजते. बीड ओतण्याची भट्टी आतून अग्निमातीने लिंपावी लागते. तळाशी जाळ करून ती तापवावी लागते. मग कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर वरून टाकत राहायचे. भट्टी पेटवण्याआधी वाळूचे सगळे साचे भरून तयार हवेत, कारण वितळलेला रस कोणासाठी थांबत नाही. काम संपले की भट्टी रिकामी करून पुन्हा साफ करायची. दहा फाळ ओता की दोनशे, लिंपणे, तापवणे आणि साफ करणे यांचा खर्च जवळपास तेवढाच. म्हणून ओतकाम करणाऱ्याला वाटते की एकदा पेटवलीच आहे तर भरपूर ओतून घ्यावे. हिशेबनिसाला वाटते की विकेल तेवढेच ओतावे, कारण उरलेल्या मालावर व्याज चढते, तो गंजतो, जागा अडवतो. दोघेही खरे असतात. मालकाला या दोघांच्या मधली रेघ शोधायची असते.

ती रेघ गणिताने शोधता येते, हे दूर अमेरिकेत फोर्ड व्हिटमन हॅरिस या अभियंत्याने फेब्रुवारी 1913 मध्ये एका मासिकातील लेखात मांडले. तोही कॉलेजात न गेलेला माणूस. डिप्लोमाला असताना त्याचे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. अर्थ बऱ्याच वर्षांनी उमगला. समजा एका कारखान्याला वर्षात 1,200 फाळ लागतात. एकदा भट्टी आणि साचे लावण्याचा खर्च 600 रुपये आहे. एक फाळ वर्षभर सांभाळण्याचा खर्च 4 रुपये आहे. दर महिन्याला शंभर ओतले तर बारा वेळा भट्टी लावावी लागेल. तिचा खर्च 7,200 रुपये आणि सरासरी पन्नास फाळ सांभाळण्याचा 200, मिळून 7,400. सगळे 1,200 एकदम ओतले तर भट्टीचे 600 आणि सरासरी 600 फाळ सांभाळण्याचे 2,400, मिळून 3,000. पण 600 च्या दोन खेपा केल्या तर दोन्हीकडे 1,200 आणि एकूण 2,400. दोन्ही खर्च जेथे सारखे होतात तेथे एकूण खर्च सर्वांत कमी, हे सूत्राचे सार. त्यात आणखी एक दिलासा आहे. 400 च्या तीन खेपा केल्या तरी खर्च 2,600 होतो, म्हणजे दोनशेच जास्त. अचूक आकडा सापडला नाही तरी बिघडत नाही; त्याच्या आसपास राहिले की पुरे.

हॅरिसचे गणित प्रसिद्ध होत होते तेव्हा लक्ष्मणरावांचा कारखाना नव्या जागी बसून तीन वर्षे झाली होती. बेळगावात नवी वसाहत व्हायची म्हणून नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली होती. वाढता कारखाना मध्येच उचलायचा म्हणजे भट्टी बंद, हाताखालची माणसे रिकामी आणि गिऱ्हाईक तोंडे फिरवणार. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी केले होते, तेव्हापासून त्यांची पारख राजेसाहेबांना होती. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. 10 मार्च 1910 रोजी त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. सोबत आलेले कामगार आणि त्यांची कुटुंबे यांनी निवडुंग तोडले, साप मारले आणि घरे उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी तेथे पहाऱ्याचे काम सोपवले आणि वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी या सहकाऱ्यांनी आपापली कामे वाटून घेतली आणि वाडी उभी केली.

ही जागा ओसाड होती, पण रेल्वेच्या कडेला होती. कारखान्याच्या दृष्टीने हे फार मोलाचे. त्या काळी मुंबई ते पुणे रेल्वे रुंद रुळांची आणि पुण्याहून मिरजेकडे जाणारी अरुंद रुळांची होती. मुंबई बंदरात उतरलेले लोखंड पुण्याला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. मागणीपत्र गेल्यापासून माल दारात पडेपर्यंतचे दिवस त्यामुळे वाढत. हे वाटेतले दिवस ज्याने मोजले नाहीत त्याचा कारखाना ऐन हंगामात थांबला.

आता हंगामाचा हिशेब पाहू. काळ्या रानाची खोल नांगरट उन्हाळ्यात होते, म्हणजे नांगर चैत्रापर्यंत शेतकऱ्याच्या हाती हवा. समजा चैत्र संपेपर्यंत 500 नांगर द्यायचे आहेत आणि फाळ झिजतो म्हणून प्रत्येक नांगरामागे बसवलेला एक आणि राखीव दोन, असे 1,500 फाळ लागणार. कोठीत 300 पडून आहेत, 200 ओतायला दिलेले आहेत. म्हणजे आणखी 1,000 हवेत. ओतकामात शंभरांत पाच खराब निघतात असे धरले तर 1,053 ओतावे लागतील. एक फाळ तीन किलोचा धरला तर तीन टनांहून थोडे अधिक लोखंड झाले. ओतणे आणि जोडणे यांना एक महिना आणि लोखंड यायला दोन महिने, म्हणजे पौष संपण्यापूर्वी मागणीपत्र गेलेच पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचे तर येळवस झाल्यावर महिनाभरात. किती लागणार, हाताशी किती, वाटेवर किती, हे तीन प्रश्न शेवटच्या दिवसापासून मागे मोजत आले की मागणीचा आकडा आणि तारीख मिळते. आज हेच काम संगणक करतात, पण प्रश्न हेच तीन आहेत.

यात खरी जोखीम कुठे आहे ते पाहा. पौषात लोखंड मागवताना पुढच्या पावसाचा मागमूस नसतो. रब्बी कशी उतरेल, भाव काय मिळेल, शेतकऱ्याच्या गाठीला पैसा राहील की नाही, यांतले काहीच माहीत नसते. नांगर करणारा कारखाना शेतकऱ्याइतकाच आभाळाकडे पाहत असतो. या जोखमीवर लक्ष्मणरावांचा एक उपाय त्यांच्या मालाच्या यादीत दिसतो. कडबा कापण्याचे यंत्र, नांगर, उसाचा चरक, भुईमूग फोडण्याचे यंत्र, पाण्याचे पंप. नांगर उन्हाळ्यात लागतो, चरक गुऱ्हाळाच्या दिवसांत, भुईमुगाचे यंत्र खरीप निघाल्यावर. एकाच भट्टीला आणि त्याच हातांना वर्षभर काम मिळते, आणि एका मालाचा हंगाम पडला तरी दुसरा तारतो.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सगळी गणिते उलटी झाली. परदेशातून येणारे लोखंड आटले. 1911 च्या डिसेंबरात साकचीला टाटांच्या भट्टीतून पहिले कच्चे लोखंड बाहेर पडले होते, पण युद्धाच्या काळात तेथील मालावर सरकारचा पहिला हक्क. नांगराला मागणी होती, कारागीर होते, भट्टी होती, लोखंड नव्हते. साठा कमी ठेवण्याचे शहाणपण येथे उपयोगी पडत नाही. माल मिळेल की नाही हेच ठाऊक नसेल तेव्हा मिळेल तेथून, मिळेल तेवढे गोळा करावे लागते. या अडचणीत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा त्यांनी नांगर करण्यासाठी दिल्या. ज्या तोफांनी एकेकाळी माणसे मारली त्या वितळून त्यांचे फाळ झाले आणि ते रानात चालले. कच्चा माल मिळवण्याची याहून मोठी गोष्ट आमच्या वाचनात नाही.

युद्धानंतर 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे 'स्त्री' व 'मनोहर' ही मासिके आली. ती आपल्या कितीतरी घरांत वाचली गेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्र शिकून 1926 साली परतले आणि वाडीच्या कामात पडले. 1929 नंतर जगभर मंदी पसरली, धान्याचे भाव कोसळले. शेतकऱ्याकडेच पैसा नाही म्हटल्यावर नांगराचा खप घटला. पूर्वीच्याच गतीने नांगर ओतत राहिले असते तर कोठी भरली असती आणि तिजोरी रिकामी झाली असती. तेव्हा कारखान्याने पोलादी फर्निचरही करायला घेतले. नांगर हा लक्ष्मणरावांचा मानाचा माल होता, पण त्याच्या मायेपोटी त्यांनी कारखाना पणाला लावला नाही.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्याने जवळच एक शेड घेऊन पेरणीयंत्रे करायला सुरुवात केली. हात चांगला, वेल्डिंग देखणे. लोखंडाचा दर चढणार असे कोणीतरी सांगितले, म्हणून त्याने कर्ज काढून एकदम ट्रकभर अँगल आणि पत्रा घेतला, आणि दसऱ्यापर्यंत बसून साठ यंत्रे एकसारखी करून ठेवली. त्या वर्षी खरिपाची पेरणी दोनदा मोडली. पुढच्या हंगामात लोकांना ट्रॅक्टरची रुंद यंत्रे हवी होती. आधीची यंत्रे शेडमागे गंजली आणि शेवटी भंगाराच्या भावाने गेली. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. आता तो पुण्याकडे दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्या कारागिरीत खोट नव्हती. वीस यंत्रे करून, ती विकून, लोक काय मागतात ते पाहून पुढची वीस केली असती तर शेड आजही चालू असती. दर दोन रुपयांनी चढला असता तरी ते नुकसान सोसण्याजोगे होते. त्याला हा हिशेब कोणी वेळेवर सांगितला नाही, आणि डिप्लोमा असून आम्हीही विचारायला गेलो नाही, याची खंत आहे.

आपल्या तालुक्यातून दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमा झालेली मुले पुण्या-हैदराबादला जातात. त्यांतली काही पुढे परत येऊन स्वतःचे काम सुरू करतील. यंत्र कसे करायचे ते त्यांना शिकवले जाते. किती करायचे, हे त्यांनी लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून घ्यावे. गिऱ्हाइकाच्या हंगामापासून मागे मोजावे. सुरुवातीला लहान खेप करावी आणि विकल्यावर वाढवावी. दर चढेल या भीतीपेक्षा माल अडेल या शक्यतेचा विचार करावा. न खपणाऱ्या मालाच्या प्रेमात पडू नये.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातले त्यांचे जन्मगाव आणि हैदराबाद राज्यातला आपला बिदर जिल्हा एकाच दिवशी म्हैसूर राज्यात आले. हयात असते तर आज आपण त्यांना आपल्याच राज्याचे म्हटले असते. किर्लोस्करवाडीमुळे महाराष्ट्र त्यांना आपले म्हणतो. दोन्ही खरे आहे. भारत सरकारने 20 जून 1969 रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक काळ्या रानात चाललेल्या फाळाच्या तासांत आहे.

आज आपण ज्याच्यापुढे हात जोडतो तो गणराय बुद्धीची देवता आहे. कोणतेही काम आरंभण्यापूर्वी त्याची पूजा करण्याचा अर्थ, आरंभीच नीट विचार करावा, असाही आम्ही घेतो. त्या बुद्धीने भट्टी पेटवण्याआधी साचे मोजणाऱ्या या उद्योगमहर्षीला आमचे विनम्र अभिवादन.